पुढील सूचनेपर्यंत बंद

तपासनीस सकाळी साडेदहाला आले तेव्हा तिला वाटलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी सगळं उरकेल. दाखवण्यासारखं तिच्याकडे भरपूर होतं. चौदा मजल्यांची ती ऑफिसांची इमारत तीन वर्षांपूर्वी व्यवस्थापक म्हणून तिच्या हाती आली तेव्हा नुसती उधळपट्टी चालली होती. रविवारी कामावर चिटपाखरू नसायचं, पण पाण्याचे पंप दिवसभर फिरायचे. तळघरात उभ्या असलेल्या गाड्यांवर चोवीस तास उजेड असायचा, जशी काही गाड्यांना अंधाराची भीती वाटते. नवव्या मजल्यावर तर एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू सापडले होते, आणि किती वर्षं चालू होते ते कोणालाच सांगता येईना.

तिनं नवी यंत्रं फारशी घेतलीच नाहीत. चालू-बंदच्या वेळा बदलल्या, गळके नळ बदलले, एसीचं पाणी गार करणाऱ्या चिलरच्या नळ्यांत साचलेला क्षार काढून घेतला, दारांच्या फटींना रबरी पट्ट्या लावल्या. प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर बसवला आणि दर सोमवारी आकडे स्वतः वहीत उतरवून घेऊ लागली. तीन वर्षांत इमारतीची वीज एकतीस टक्क्यांनी उतरली. इमारत सांभाळणाऱ्यांची शहरात एक संघटना होती, ती दरवर्षी एका इमारतीला पर्यावरण राखल्याचं प्रमाणपत्र द्यायची. यंदा तिच्याच इमारतीचं नाव पक्कं होतं. राहिली होती फक्त ही तपासणी.

तपासनीस म्हणजे साठीकडे झुकलेले, अंगानं काटकुळे, बोलण्यात सावकाश. कौतुकही करत नव्हते आणि खोडही काढत नव्हते. त्यांनी पंप पाहिले, वह्या पाहिल्या, तळघरात जाऊन दिव्यांचे सेन्सर हात हलवून पाहिले. सोबत नाना होते. नाना म्हणजे इमारतीचे सगळ्यात जुने ऑपरेटर, बावीस वर्षं तिथेच. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून पंपाचं बेअरिंग कसं ऐकायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सातव्या मजल्यावर विम्याचे दावे तपासणारं ऑफिस होतं. तिथे पोचल्यावर तपासनीसांनी पिशवीतून तळहाताएवढं एक यंत्र काढलं आणि एका रिकाम्या टेबलावर ठेवलं.

"हे काय मोजतं?" तिनं विचारलं.

"माणसांनी सोडलेला श्वास," ते म्हणाले. "कार्बन डायऑक्साइड. मोकळ्या हवेत दहा लाख भागांत साधारण चारशे वीस भरतो. ऑफिसात आठशे, फार तर हजार. त्याच्या वर गेला की समजायचं, लोक एकमेकांनी सोडलेलीच हवा पुन्हा आत ओढतायत."

यंत्रावरचा आकडा चढत होता. हजार. पंधराशे. दोन हजार. तो दोन हजार सहाशे चाळीसवर जाऊन थांबला.

"तुमचं यंत्र बिघडलेलं दिसतंय," ती म्हणाली.

तपासनीसांनी वाद घातला नाही. "शक्य आहे. चला, बाहेर नेऊन बघू."

ते खाली उतरले, फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांत यंत्रानं चारशे चोवीस दाखवलं. पुन्हा वर आले. दोन हजार सहाशे साठ. आसपासच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली होती. खिडकीजवळच्या टेबलावर तिची नणंद बसली होती, घरात सगळे तिला चिमी म्हणत. अडीच वर्षांपूर्वी तिनंच शब्द टाकून चिमीला या ऑफिसात लावलं होतं. चिमीनं हनुवटी तळहातावर टेकली होती आणि डोळे अर्धवट मिटत होते. तपासनीसांसमोर हे दिसावं याची तिला लाज वाटली.

"इथे बाहेरची हवा कुठून येते?" तपासनीसांनी विचारलं. "खिडक्या तर उघडत नाहीत."

"गच्चीवरून. दोन मोठे पंखे आहेत, ते हवा गाळून खाली सोडतात."

"बघू या का?"

गच्चीवर ऊन रणरणत होतं. पाण्याच्या टाक्यांच्या मागे एक पत्र्याची खोली होती. गच्चीवर ती आठवड्यातून दोनदा तरी यायची, पण टाक्यांच्या अलीकडेच तिचं काम संपायचं. नानांनी कुलूप काढलं. आत पाऊल टाकताच तिला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. पंख्यांच्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागतं. इथे तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

दोन्ही पंखे उभे होते. बाहेरची हवा आत घेणारे डँपर, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या लोखंडी झडपा, घट्ट मिटलेल्या होत्या. त्यांच्या दांड्या तारेनं पीळ देऊन बांधल्या होत्या. पट्ट्यांवर बोटभर धूळ होती.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तपासनीसांसमोर आवाज चढू नये म्हणून तिनं शब्द चावून विचारलं, "नाना, हे कोणाच्या परवानगीनं बंद आहे?"

नाना पुढे झाले, तारेला लटकणारी पिवळी चिठ्ठी त्यांनी उलटी केली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली आणि बाजूला सरकले.

"पुढील सूचनेपर्यंत बंद. उघडू नये." खाली सही होती. लांब शेपटीची, शेवटी टिंब दिलेली. तिची स्वतःची.

तिनं चिठ्ठी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. अक्षर तिचंच होतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"धुराच्या वेळी, मॅडम," नाना म्हणाले. "शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती. तुम्ही म्हणालात, मी सांगेपर्यंत उघडू नका."

तेव्हा तिला सगळं आठवलं. एकोणीस महिने झाले होते. चार दिवस शहरावर जळक्या प्लॅस्टिकचा धूर बसला होता. बाहेरची हवा आत येऊ दिली असती तर नऊशे माणसं खोकत बसली असती. तिनं धावत वर येऊन पंखे बंद करायला लावले होते, आणि तो निर्णय अगदी बरोबर होता. पाचव्या दिवशी धूर विरला. त्याच पाचव्या दिवशी तळघरात पाण्याची मोठी पाइप फुटली, गुडघाभर पाणी साचलं, आणि दोन आठवडे तिला दुसरं काही सुचलं नाही.

"आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाही?" तिनं विचारलं.

"विचारलं नाही, पण लिहिलं," नाना म्हणाले. "दर महिन्याला लिहिलं."

खाली कंट्रोल रूममध्ये त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला, पंप, चिलर, लिफ्ट, जनरेटर अशा यादीत बाराव्या ओळीवर, नानांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "ताज्या हवेचे पंखे १ व २, बंद, आदेशानुसार." आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिची सही. तिनं पानं उलटली. एकोणीस पानं, एकोणीस सह्या. भिंतीवरच्या स्क्रीनवरही चाळीस हिरव्या ओळींमध्ये एक ओळ राखाडी होती. ती राखाडी ओळ ती रोज सकाळी बघत होती. ती राखाडीच असते, अशी तिच्या डोळ्यांना सवय झाली होती.

तिनं रजिस्टर तपासनीसांकडे सरकवलं.

तपासनीसांनी कागदावर थोडी आकडेमोड केली. बाहेरची गरम हवा आत घेतली की ती थंड करायला वीज लागते. ती हवाच घेतली नाही, तर तेवढी वीज वाचणारच. "एकतीसमधले अकरा टक्के या झडपांचे आहेत," ते म्हणाले. "बाकीचे वीस तुमचे. ते काम चांगलं आहे. पण दारांच्या फटींना तुम्ही ज्या पट्ट्या लावल्यात ना, त्यांनी उरलीसुरली हवाही बंद केली." मग वही मिटत म्हणाले, "तक्रारींची नोंद ठेवता का?"

ठेवत होती. सगळं ठेवत होती ती. तपासनीस गेल्यावर तिनं ती फाइल उघडली आणि पहिल्यांदा सलग वाचली. पाचवा मजला: दुपारनंतर डोकं जड होतं. बारावा: कोंदट वास येतो. सातवा: गरम होतंय, जांभया येतात. पुन्हा सातवा. अकरावा. सातवा. आणि प्रत्येकीपुढे तिनं काय केलं तेही लिहिलेलं होतं: तापमान अर्ध्या अंशानं कमी केलं, कॉरिडॉरमध्ये सुगंधी फवारा लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

नानांनी दुपारीच तारा कापल्या. एक पंखा चालू झाला. दुसऱ्याचा पट्टा वाळून तडकला होता, तो फिरताक्षणी तुटला. तरी पाच वाजेपर्यंत सातव्या मजल्यावरचा आकडा पंधराशेवर आला.

मधल्या वेळात तिनं साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे मालक कंपनीचे इथले प्रमुख. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता उघडलंत ना? मग झालं की."

"नऊशे माणसं दीड वर्ष त्या हवेत बसली, साहेब."

"कोणी मेलं का? नाही ना. हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो तपासनीस लिहील त्याच्या भाषेत काहीतरी, कोण वाचतंय. प्रमाणपत्र यंदा नाही मिळालं तर पुढच्या वर्षी. तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात ठेवा."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. घरी जाताना तिला खरंच वाटत होतं की साहेबांचं बरोबर आहे. उघडलं, झालं. कोणाला कळायचं कारण नाही.

घरी चिमी भाजी निवडत बसली होती, तिचा भाऊ शेजारी पेपर वाचत होता. चिमीनं विचारलं, "ते यंत्र कसलं होतं गं, वहिनी? आमच्याकडे सगळे म्हणत होते, बाँबबिंब शोधायला आले की काय."

वहिनी तिच्यासमोर बसली. दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर ती चिमीला टाकून बोलली होती. कामाच्या वेळेत झोपल्याबद्दल चिमीला ऑफिसनं मेमो दिला होता. ऑफिसात तिला कुंभकर्णाची बहीण म्हणायला लागले होते, आणि ते ऐकून भाऊ म्हणायचा, मग मी कोण झालो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. तेव्हा वहिनी म्हणाली होती, "शब्द मी टाकला होता, चिमी. माझी मान खाली घालायला लावलीस."

आता तिला एवढंच सांगायचं होतं की यंत्र हवेचं होतं. पण तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर आलं. धूर, झडपा, चिठ्ठी, सह्या.

चिमीचे हात थांबले. "किती दिवस?"

"एकोणीस महिने."

चिमीनं मनाशी हिशेब केला. "म्हणजे मी लागल्यावर दहा-अकरा महिन्यांनी."

"अगं, तिनं काय मुद्दाम केलं का?" भाऊ म्हणाला. "चुकून झालं."

चिमीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मी रविवारी शब्दकोडी का सोडवायचे, माहितीय तुला, वहिनी? तुम्हाला वाटायचं हौस आहे. मी बघायचे, माझं डोकं चालतं का. घरी चालायचं. झरझर सुटायचं. सोमवारी दुपारी तीन वाजता एकच पत्र चार वेळा वाचूनही कळायचं नाही. मला वाटलं, मला काहीतरी झालंय आणि डॉक्टर सांगत नाहीत. मी कोणाला बोलले नाही. आई तशीच गेली ना, विसरत विसरत. वाटलं, माझंही तेच सुरू झालं."

सासूबाई शेवटी घरच्यांना ओळखत नव्हत्या. पण ही पोरगी तिशी गाठायच्या आत ती भीती पोटात घेऊन रोज लिफ्टनं सातव्या मजल्यावर जात होती, हे या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चिमी, मी..."

"मला हे लेखी देशील?" चिमी म्हणाली. रडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. "तारखेसकट. मेमोला उत्तर म्हणून लावीन. आणि एकट्या मला नको. माझ्या शेजारची डोकेदुखीच्या गोळ्या पाकिटानं घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रत्येक मजल्यावर आणि खाली लिफ्टसमोर नोटीस लागली. नोटीस साधी होती. अमुक तारखेपासून कालच्या दुपारपर्यंत इमारतीत बाहेरची हवा येत नव्हती. आग विझल्यावर झडपा उघडायच्या राहिल्या. ही चूक व्यवस्थापकांची, म्हणजे माझी आहे. डोकेदुखी, झोप, थकवा असे त्रास त्यामुळे झालेले असू शकतात. खाली तिची सही.

मग तिनं एक टेबल आणि खुर्ची लिफ्टसमोर मांडली आणि तिथे बसली. साहेबांचा फोन तीनदा वाजला, तिनं घेतला नाही.

तिला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही, आणि तेच जास्त कठीण गेलं. लोक नोटिशीसमोर थांबायचे, वाचायचे, पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. लिफ्ट यायची, दार उघडायचं, कोणी आत जायचं नाही. चौथ्या मजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतला." एवढंच बोलून ते निघून गेले. पाचव्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "मी नवऱ्याला सांगायचे, तिथे मला गुदमरतं. तो म्हणायचा, नोकरी सोडायचे बहाणे. वर्षभर आमच्यात यावरूनच धुसफूस आहे. त्याला हा कागद दाखवायला मिळेल का?" तिनं प्रत काढून दिली. संध्याकाळपर्यंत दोनशेवर प्रती गेल्या.

"सगळंच हवेमुळे झालं असं नाही," ती प्रत्येकाला सांगत होती. "पण कोणतं झालं आणि कोणतं नाही, ते आता मला सांगता येणार नाही."

अकराव्या मजल्यावरचा एक तरुण बराच वेळ बाजूला उभा होता. गर्दी ओसरल्यावर त्यानं विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे बसता?"

"तळमजल्यावर. त्या दाराशेजारच्या खोलीत."

त्यानं दाराकडे पाहिलं. काचेचं ते मोठं दार माणसांच्या येण्याजाण्यानं सतत उघडत होतं, आणि दर वेळी बाहेरची गरम झुळूक त्या खोलीपर्यंत येत होती. तिनंही पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. प्रमाणपत्र दुसऱ्या इमारतीला गेलं. साहेबांनी लेखी खुलासा मागवला, बढतीचा कागद टेबलावरून नाहीसा झाला. दोन भाडेकरू कंपन्यांनी तिला काढा म्हणून पत्र दिलं. तिसरीनं दिलं की हिला ठेवा, निदान सांगते तरी. साहेबांनी तिला ठेवली, पण त्यानंतर तिच्याशी ते फक्त ईमेलवर बोलत.

नाना आठवडाभर गप्प होते. शेवटी पंख्याचा नवा पट्टा चढवताना तिनंच विषय काढला. "नाना, चुकलं माझं. पण तुम्हाला एकदाही वाटलं नाही का, आता उघडायला हवं?"

"वाटलं की," नाना पाना फिरवत म्हणाले. "तिसऱ्या महिन्यातच वाटलं. पण तुम्ही नव्या आला होतात तेव्हा मी एकदा विचारलं होतं, रविवारी पंप बंद ठेवले तर वरच्या टाकीचं काय. तुम्ही म्हणालात, नाना, सांगितलं तेवढं करा, विचार मी केलाय. आणि तेव्हा तुमचंच बरोबर निघालं. मग म्हटलं, याचाही केला असेल."

हे तिला अजिबात आठवत नव्हतं. तरी ते खरं असणार, याची तिला खात्री होती.

रजिस्टरमध्ये तिनं एक नवा रकाना आखला: "कधीपर्यंत." कोणतीही गोष्ट तात्पुरती बंद केली की तारीख घालायची, आणि तारीख उलटली की नानांनी तिला न विचारता ती चालू करायची. प्रत्येक मजल्यावर हवेचं यंत्र बसलं, त्याचा आकडा लिफ्टसमोर सगळ्यांना दिसायला लागला. आत माणसं जास्त असली की झडपा जास्त उघडायच्या, कमी असली की कमी. बाहेर जाणाऱ्या थंड हवेवरच आत येणारी हवा थोडी गार करून घ्यायची, अशीही सोय तपासनीसांच्या सल्ल्यानं झाली. विजेची बचत बावीस टक्क्यांवर येऊन स्थिरावली.

चिमीच्या ऑफिसनं मेमो मागे घेतला नाही. वहिनीचं पत्र मेमोच्या शेजारी फाइलमध्ये लावलं आणि आता प्रकरण मिटलं असं कळवलं. चिमी दोन महिन्यांनी दुसरीकडे लागली, घराजवळच, दुमजली ऑफिसात. वहिनीशी ती बोलायची, हसायचीही, पण पूर्वीसारखी स्वयंपाकघरात ओट्यावर बसून दिवसभराचं सांगायची ते बंद झालं. वहिनीनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

मग एक दिवस तिला फोन आला. रस्त्यापलीकडच्या जाहिरातींच्या फलकांनी मढलेल्या इमारतीचे व्यवस्थापक होते. ते दोघं एकमेकांना फक्त नमस्कारापुरते ओळखत. यंदाचं प्रमाणपत्र त्यांच्याच इमारतीला मिळालं होतं.

"तुमच्या नोटिशीबद्दल ऐकलं," ते म्हणाले. "जरा विचित्र वाटेल, पण विचारतो. ती झडप नेमकी कुठे असते?"

"म्हणजे? तुमच्याकडे तपासनीस आले होते ना?"

"दुसरे होते. त्यांनी कागद पाहिले. मी इथे आठ वर्षं आहे. काल नकाशा काढून बसलो. नकाशात दाखवलीय, पण जागेवर मला सापडत नाही."

तिनं आपलं हवा मोजायचं यंत्र पर्समध्ये टाकलं. "मी येते," ती म्हणाली. "तोवर शिडी काढून ठेवा."

नकाशाप्रमाणे हवेचं तोंड सहाव्या मजल्याच्या वर, पुढच्या भिंतीत होतं. ते दोघं सज्जावर उतरले. नकाशा जिथे चौकोन दाखवत होता तिथे एका मोठ्या जाहिरातफलकाची मागची बाजू होती, लोखंडी सांगाड्यावर ताणलेला जाड कापडी पडदा, आणि त्याच्या आत पत्रा ठोकलेला. तिनं शिडीवर चढून पत्र्याच्या कडेच्या फटीत मोबाइलचा उजेड टाकला. आत जाळी दिसत होती. त्या जाळीवर काड्या, पिसं, वाळलेला चिखल असा हातभर थर बसला होता. हवेला शिरायला सुईएवढीही जागा नव्हती.

ती खाली उतरली आणि तिनं त्यांना फोन दिला. ते वर चढले, बराच वेळ वरच राहिले. मग एकेक पायरी धरत खाली आले.

"हा फलक मी यायच्या आधीपासून आहे," ते म्हणाले. सज्जावरच, धुळीत, ते भिंतीला टेकून बसले. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर नवं प्रमाणपत्र टांगलेलं तिनं येताना पाहिलं होतं. त्याबद्दल ती बोलली नाही. असं काही कळल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माणसाला काही सांगून उपयोग नसतो, हे तिला माहीत होतं.

ती त्यांच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आत किती माणसं असतात?"

ते बोटांवर एकेक मजला मोजायला लागले. पाचव्यापर्यंत आले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"बाराशे," ते शेवटी म्हणाले. "बाराशे तीस. तळमजल्यावर पाळणाघर आहे, ते धरून."

ती उठली, शिडी खांद्यावर घेतली आणि पर्समधलं यंत्र काढून चालू केलं. "आधी पाळणाघरात जाऊ," ती म्हणाली.